रुपयाएवढी चाई

देवाने समोर येऊन मालन परबला विचारलं असतं, की बाई, एका माणसाचं वाटोळं करायची तुला मुभा आहे, नाव सांग, तर तिने हातातला कप खाली न ठेवता सांगितलं असतं, विद्याधर. आडनाव? आडनाव कशाला हवंय! चारकोपच्या सेक्टरांत विद्याधर म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा. पांढरा झब्बा, कपाळाला गंध, आणि डोक्यावर तेल लावून मागे वळवलेलं हे एवढं केसांचं रान. मार्केटात त्याचा गाळा होता आणि वर पाटी होती, 'मूळजागर लेप. टकलावर केस, चार महिन्यांत.' मेल्याच्या त्या केसांना बघूनच बायका भुलायच्या. मालनही भुलली होती, आणि तेच तिला आतून खात होतं.

झालं होतं असं. मालनची एकुलती एक मुलगी सुलक्षणा, बारावीला. केस म्हणाल तर कमरेच्या खाली. कॉलेजातल्या मुली तिची वेणी हातात घेऊन वजन करायच्या म्हणे. त्या वर्षी, शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर, तिची वेणी घालता घालता मालनचा हात थांबला. टाळूच्या जरा मागे एक गोल चकती. रुपयाएवढी. गुळगुळीत, केसाचा मागमूस नाही. शेजारच्या बाईने बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "चाई पडलीय गो. पसरते ती. आमच्याकडे एकीचं अख्खं डोकं गेलं."

 मालनचा नवरा काशीराम गिरणी बंद पडल्यापासून इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन होता, आणि ती स्वतः तिथल्याच एका गाळ्यात कंगवे पॅक करायची. जगाच्या केसांची काळजी बारा बाराच्या पाकिटांत भरणारी बाई, आणि घरात हे. डॉक्टर गाठावा हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती गेली विद्याधरकडे.

तिथे ही रांग. रांगेत उभं राहून करायचं काय, तर भिंतीवरचे दोन फोटो बघायचे. एकाच माणसाचे. पहिल्याखाली लिहिलेलं 'लेपाआधी', आणि त्यात तो तुळतुळीत, अंड्यासारखा. दुसऱ्याखाली 'चार महिन्यांनी', आणि त्यात डोकंभर केस, ओठावर झुपकेदार मिशी, तोंडभर हसू. मालन त्या माणसाकडे इतका वेळ बघत राहिली, की त्याच्या कानाची पाळी कशी आहे ते तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

विद्याधरने सुलक्षणाची चकती बघितली, डोळे मिटले, आणि प्रवचनाला बसल्यासारखा बोलायला लागला. "ताई, मूळ झोपलंय. जागं करायला हवं. हा लेप अर्धा तास ठेवायचा, चकतीच्या चार बोटं बाहेरपर्यंत, म्हणजे पसरणार नाही. पोरगी ओरडेल. ओरडू दे. जळजळ झाली की समजायचं, मूळ जागं होतंय. मधे धुतलात तर मग मला विचारायला येऊ नका."

मालनने घरी येऊन लेप लावला. पाच मिनिटांत सुलक्षणा म्हणाली, आई, भाजतंय. मालन म्हणाली, चांगलं आहे. मग पोरगी उठायला लागली, तेव्हा मालनने तिचं डोकं आपल्या दोन गुडघ्यांत धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. पोरगी रडली, तिने हातपाय झाडले, आईच्या मांडीला चावली. मालनने सोडलं नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मग धुतलं, तर हातात केसांबरोबर कातडी आली.

जखम वाळेना म्हणून चौथ्या दिवशी ती पोरीला घेऊन विद्याधरच्या दारात. गाळ्यात दहा-बारा माणसं होती. विद्याधरने लांबूनच बघितलं आणि मान हलवली. "लेपात दोष नाही. हात चुकला. मी पाच मिनिटं सांगतो सगळ्यांना, यांनी किती वेळ ठेवला विचारा."

"पाच?" मालन ओरडली. "अर्धा तास म्हणालात तुम्ही! तोंडाने म्हणालात!"

"ऐकताना चूक होते बायकांची," तो गिऱ्हाइकांकडे बघून गोड हसला. "घाई असते ना केसांची. आता आईनेच पोरीचं डोकं भाजलं, त्याला मी काय करू?"

लोक हसले नाहीत, पण कोणी 'च्च च्च' केलं, आणि एक म्हातारी म्हणाली, काय ही आई. सुलक्षणा रुमाल डोक्यावर धरून उभी होती. तिने आईकडे एकदा बघितलं. बस्स. त्या दिवसापासून पोरगी आईशी बोलायची बंद झाली. बापाशी बोलायची, शेजाऱ्यांशी बोलायची, आईशी एक शब्द नाही. दूध उतू जात असलं तर भिंतीला सांगायची, "दूध उतू जातंय." कॉलेज सुटलं, वेणी सुटली, डोक्याला चोवीस तास रुमाल.

शकु कांबळे नसती तर मालनला वेडच लागलं असतं. शकु दोन घरं सोडून राहायची, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आया होती आणि तोंडाने फटकळ. ती आली ती शिव्या घालतच. "अगं बये, कातडीचा डॉक्टर असतो तो काय तोंड बघायला? चल उद्या माझ्याबरोबर."

ओपीडीत क्षमा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने जखम बघितली, बोटाने कडा दाबून बघितल्या. मग केसपेपर उलटा करून त्यावर पेनाने चित्र काढलं.

"हे बघा मावशी, कातडी एक नसते. हा वरचा पातळ थर, आणि हा खालचा जाड. वरचा थर जागोजागी असा खाली उतरतो, कणकेच्या गोळ्यात बोट खुपसल्यासारखा. त्या भोकाच्या तळाशी एक गाठ असते, एवढुशी. तिला खालून रक्त मिळतं. तिथे नवे नवे कण तयार होतात, जुन्यांना वर ढकलतात, आणि ढकलत ढकलत कातडीबाहेर येतो तो केस. बाहेर येईपर्यंत तो मेलेला असतो. म्हणून कापला तर दुखत नाही, भादरला तरी परत येतो. मूळ खाली शाबूत असतं ना."

"आणि चाई?" मालनने विचारलं.

"चाईत मूळ मरत नाही. नुसतं थांबतं." डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "एवढीशी चाई बहुतेक वेळा आपोआप भरते. सहा महिने, फार तर वर्ष. काही केलं नसतंत तरी चाललं असतं. पण या लेपात कॉस्टिक सोड्यासारखं काहीतरी आहे. ते वरच्या थरावर थांबलं नाही. तळापर्यंत गेलं. इथे आता ते भोकच उरलं नाही, मग केस उगवणार कुठून?"

मालनला वाटलं, जमीन दुभंगावी. रुपयाएवढी होती, गप्प बसली असती तर भरली असती. आता तळहाताएवढा गुळगुळीत डाग, जन्माचा. सुलक्षणा चित्राकडे बघत होती. तिने तो केसपेपर घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि डॉक्टरणीला थँक्यू म्हणाली. आईकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी घरी येऊन मालन न्हाणीघरात शिरली, नळ सोडला आणि दात ओठ खात बोलली, "मेल्या, मी तुका सोडूचंय नाय." लेपाचा डबा, अर्धा उरलेला, तिने फेकला नाही. झाकण घट्ट लावून फळीवर ठेवून दिला. तिला एकच हवं होतं. त्या माणसाच्या तोंडून, चार लोकांत, सुलक्षणा ऐकत असताना, हे यायला हवं होतं की चूक माझी, तुझ्या आईची नाही. पोलिसांत जा, काशीराम म्हणाला. ती गेलीही. हवालदाराने विचारलं, लावला कोणी? ती म्हणाली, मी. तो म्हणाला, मग?

असे सहा महिने गेले. सूड घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं हेच तिला उमगत नव्हतं. आणि मग मे महिन्यात सासरे वारले.

दहाव्याला काशीराम तळ्यावर जाऊन क्षौर करून आला. डोक्यावर टोपी होती ती काढून खुंटीला लावली आणि चहा मागितला. मालन कप घेऊन वळली आणि जागच्या जागी थांबली. वीस वर्षं जिच्याआड नवऱ्याचं तोंड बघितलं ती मिशीही गेली होती. बाप गेल्यावर मिशी ठेवतात होय! डोकं आणि ओठ, दोन्ही सारखेच पांढुरके, निळसर. तिला वाटलं, हे ध्यान मी कुठेतरी बघितलंय.

"काय गो? बघतस काय अशी?" काशीराम ओशाळला.

कप तिच्या हातात तसाच राहिला. भिंतीवरचा तो फोटो! लेपाआधीचा. तुळतुळीत डोकं, आणि ओठावर? ओठावर काहीच नव्हतं. आणि चार महिन्यांनी मिशी. झुपकेदार! अरे, टक्कल पडलेल्या माणसाची मिशी कशाला जाईल? उलट नाक्यावरच्या वाण्याला बघा, डोक्यावर एक केस नाही आणि मिश्या कानापर्यंत. फोटोतला तो माणूस टकला नव्हताच. त्याच्या घरात कोणीतरी गेलं होतं. वरचा मेलेला केस वस्तऱ्याने काढला, खाली मूळ शाबूत, तो आपोआप आला. आणि या हरामखोराने दुसऱ्याच्या सुतकाची जाहिरात केली!

मालन हसायला लागली. घरात सुतक, आणि सून खो खो हसतेय. काशीराम घाबरून शकुला बोलवायला धावला.

शकुने ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "झकास! आता त्याचा तमाशा करू. पण घाई नको. तो जुलैत समाजमंदिरात शिबिर घेतोय ना, अख्खं सेक्टर येईल. आणि सुलक्षणाला मी आणते, तू तिच्या वाटेला जाऊ नकोस."

जुलैतल्या त्या रविवारी सकाळी समाजमंदिर ठासून भरलं होतं. विद्याधर माइकवर होता, मागे त्याचे दोन फोटो मोठे करून लावलेले. मूळ कसं झोपतं, मूळ कसं जागतं, याच्यावर अर्धा तास झाला, आणि मग त्याने हात पुढे केला. "आणि आता ज्यांचा हा फोटो, ते स्वतः तुमच्यापुढे येतील. अनंतभाऊ!"

अनंत आला. साधा माणूस. कपाळापर्यंत केस, झुपकेदार मिशी, हात जोडलेले. टाळ्या पडल्या. मालनने डोक्यावरून पदर घेतला आणि पुढे गेली. भांडायला नाही. कोणी गेलं की घरी भेटायला जातात तशी. आवाज खाली, मान जराशी कललेली. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं, बाई पाया पडते की काय.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, पण माइक जवळच होता, "तेव्हा घरात कोण गेलं होतं तुमच्या?"

अशा आवाजात असं विचारल्यावर आपल्याकडचा माणूस दुसरं काय करणार! अनंतचा चेहरा पडला, त्याने हात पुन्हा जोडले. "आई गेली, ताई. गेल्या वर्षी, शिमग्याच्या आधी."

"अचानक?"

"हो ना. बसल्या बसल्या गेली." आणि त्याने डोळे पुसले.

 मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर क्षौराचा फोटो!" आणि मालन वळली, फोटोतल्या कोऱ्या ओठावर बोट ठेवलं आणि पदर खाली टाकून गरजली, "मिशीचंपण टक्कल होतं काय हो, विद्याधर? की मिशीलाही लेप लावलात?"

हशा असा उसळला की माइक शिटी वाजवायला लागला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. अनंतला तेव्हा कुठे कळलं आपण काय बोललो, तो "भाई, तू मला फक्त फोटो काढायचाय म्हणालास" असं काहीतरी पुटपुटत मागे सरला. मालनला इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं. आठ महिन्यांचा कडूपणा एका घोटात उतरला.

पण विद्याधर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने दोन्ही हात वर केले. "शांत! शांत! फोटोत गफलत झाली, छापणाऱ्याची चूक. लेप खरा आहे. लेपाला कोणी नावं ठेवू शकत नाही. या बाईंचा राग मी समजू शकतो. यांनी स्वतःच्या हाताने पोरीचं डोकं जाळलंय."

हसणारे थांबले. माना मागे वळल्या, तिथे शकुच्या शेजारी रुमाल बांधलेली सुलक्षणा उभी होती. मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पिशवीतून लेपाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि चार बोटं आत घातली.

"लेप खरा ना? मग ये. तुझ्याच डब्यातला आहे. तुझंही मूळ जरा जागं करू."

विद्याधर मागे सरकला तर मागे बायका. कोणी सांगितलं नव्हतं, पण कंगव्याच्या गाळ्यातल्या तिघी स्टेजवर चढल्या होत्या आणि त्यांनी त्याचे दंड धरले. मालनचा हात त्याच्या त्या वळवलेल्या केसांजवळ गेला तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"नको! ए बाई, नको! पाच मिनिटांत कातडी उतरते त्याने!"

"मोठ्याने बोल."

"कातडी उतरते! परत केस येत नाहीत! मला माहीत आहे, नको!"

"अर्धा तास कोण म्हणालं होतं मला?"

"मी! मी म्हणालो! सगळ्यांनाच अर्धा तास सांगतो, औषध जोरदार वाटावं म्हणून, जळलं की लोक आपणच लवकर धुतात! मला सोड!"

आलं. जे हवं होतं ते आलं, माइकवर, शंभर माणसांत. मालनने तिथे थांबायला हवं होतं, असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. म्हणायला काय जातं! तिने चारही बोटं त्याच्या भांगात घातली आणि रगडली. टाळूच्या जरा मागे, बरोबर तिथेच. विद्याधर कोंबडीसारखा ओरडायला लागला. बायकांनी धरून ठेवलं. "जळजळतंय?" मालन विचारत होती, "जळजळतंय ना? जागं होतंय हां, जागं होतंय!" तिच्या तोंडावर इतका आनंद होता की शकुसुद्धा एक पाऊल मागे गेली.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुलक्षणा हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन स्टेजवर आली. बाहेरच्या नळावरून आणली होती. तिने काही न बोलता बायकांना दूर केलं, विद्याधरची मान खाली वाकवली आणि सगळी बादली त्याच्या डोक्यावर ओतली. मग आपल्या डोक्यावरचा रुमाल काढून त्या रुमालाने त्याची टाळू पुसली, शेवटचा पांढरा ठिपका जाईपर्यंत. तिच्या डोक्यावरचा तो गुळगुळीत डाग आता सगळ्यांना दिसत होता. विद्याधर रडत रडत स्टेजच्या पायऱ्या उतरून धावला आणि माणसं त्याच्यामागे धावली.

मालन धापा टाकत होती. "ऐकलंस ना, बाय माझी?" ती म्हणाली. "ऐकलंस ना, काय बोलला? त्याने मुद्दाम सांगितलं होतं. माझी चूक नव्हती. ऐकलंस?"

सुलक्षणाने आईकडे बघितलं. आठ महिन्यांनी तिने आईशी तोंड उघडलं, आणि आवाज अगदी साधा होता.

"त्याला मी दोन मिनिटांत धुतलं, आई. तो ओरडला म्हणून. तो माझा कोण होता?"

  मग मालनला हातात आग जाणवली. चारही बोटांना, बेचक्यांत, मनगटापर्यंत, लेप तसाच चिकटलेला होता. तिने बादलीत बघितलं, तर पाणी नव्हतं. नळ दाराबाहेर दहा पावलांवर होता. ती गेली नाही. खुर्चीवर बसली, हात मांडीवर उताणा ठेवला, आणि दात आवळून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली.

"अगं वेडी का काय, धू तो हात!" शकु ओरडली. मालन हलली नाही.

सुलक्षणाने आईच्या हाताकडे बघितलं. मग तीही एक खुर्ची ओढून समोर बसली आणि घड्याळात किती वाजलेत ते बघून घेतलं.